उभा ठेवलेला पंखा

आई,

"विमानाचा लाकडी पंखा उभा ठेवू नकोस, ओल खालच्या पात्यात उतरते नि ते जड होतं," असं बाबा म्हणाले होते. मी ते हसण्यावारी नेलं. शेडमध्ये बाबागाडीला वाट हवी म्हणून विमानाचा पंखा महिनाभर उभाच ठेवला. आता विमान थरथरतं आणि हे बिचारे दोष इंजिनात आहे समजून ते खोलत बसतात. मला सांगायचा धीर झाला नाही. आज दहाला हे उडवून बघणार आहेत. यांना फोन लावला, तर तो घरीच उशीखाली वाजला. वर पंखा निखळला तर, पुढचं लिहवत नाही. यांना थांबवायला मी स्कूटरवरून धावपट्टीकडे निघालेय. बाळ बाबांजवळ झोपलंय. बाबांना काही बोलले नाही, पण त्यांना विमानाच्या आवाजावरून काय बिघडलंय ते कळतं. विमान घरावरून गेलंच, तर आधी बाबांकडे बघा.