तंबूतली फितुरी

१ डिसेंबर. पहाटे ५
निघालो! चौतीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलं, आता रिटायर. दर डिसेंबरात, म्हणजे आमच्या दक्षिण आफ्रिकेतल्या उन्हाळी सुट्टीत, माझ्या बायकोच्या, शार्मेनच्या, पाच बहिणी, त्यांचे नवरे, पोरंबाळं अशी वरात एकाच कॅम्पवर तीन आठवडे पडून असते. यंदा बंद. यंदा मी, शार्मेन आणि तंबू. पार्ल ते डर्बन, समुद्राच्या कडेकडेने, पूर्ण महिना.
ट्रिप जमली की घर विकायचं आणि कायमचा तंबूत संसार थाटायचा. शार्मेन म्हणते, महिना संपू दे, मग सांगते. सांगणार काय, हो म्हणणार. एजंटला फोन करून ठेवलाय.

१ डिसेंबर. सकाळी ७
शिदोरी संपली. उकडलेली अंडी, खिम्याचे गोळे, तळलेलं चिकन, सगळं. पार्लपासून ऐंशी किलोमीटरवर. शार्मेन म्हणाली, डॅडी (आमच्याकडे बायका नवऱ्याला डॅडीच म्हणतात), दोन दिवसांचं होतं ते. गाडी चालवताना माणूस काय खातोय ते कळत नाही. उद्यापासून डाएट.

२ डिसेंबर. मोसेल बे
खोक्यावर लिहिलंय, तंबू दहा मिनिटांत उभा राहतो. तीन तास वीस मिनिटं लागली. कंपनीने एक दांडी चुकून जास्त दिलीय. शार्मेन म्हणते, ती छताची. सुतारकाम कोणी शिकवलं, तिने की मी?

३ डिसेंबर. दुपार
वाऱ्याने तंबू नेला. दांडीचा काही संबंध नाही. वारा फार होता. इतरांचे तंबू जागेवर राहिले, ते केवळ नशीब.
शार्मेन हसली. पोट धरून हसली. नवऱ्याचा तंबू कुंपणाला लटकलेला असताना बायको हसत नाही, निदान पाठ फिरवून हसते. हा पहिला विश्वासघात. लिहून ठेवतोय.

६ डिसेंबर. नायस्ना
हवेची गादी माझ्या बाजूने फुसकी. शार्मेनची बाजू टम्म. कंबर किंचित धरलीय. संकल्प: रोज सकाळी व्यायाम.

७ डिसेंबर
व्यायाम केला. कंबर पूर्ण धरली.

८ डिसेंबर
माकडांनी ब्रेड आणि माझी कमरेच्या मलमाची ट्यूब नेली. तंबूची चेन मी लावली होती. म्हणजे लावणारच होतो.

११ डिसेंबर. स्टॉर्म्स रिव्हर
शेजारी तीन बायका. आंटी ग्लेंडा, रिटायर्ड नर्स, आणि तिच्या दोन मैत्रिणी. नवरे नाहीत बरोबर. तंबू अकरा मिनिटांत उभा केला, मी घड्याळ लावलं होतं. दिखाऊपणा, दुसरं काय. शार्मेन त्यांच्याकडे कॉफीला गेली ती चार तासांनी उगवली. काय बोलत होतात विचारलं, तर म्हणाली, काही नाही रे, असंच. असंच चार तास!

१३ डिसेंबर
लिहवत नाही, तरी लिहितो.
तिघींना जेवायला बोलावलं. त्यांना दाखवायचं होतं, पुरुष बरोबर असला की काय फरक पडतो. आमच्यात मांस भाजायची आग पुरुषाची. बायकांनी सॅलड करायचं. चिमटा ज्याच्या हातात त्याला कोणी शिकवत नाही, मांसाचा कोळसा झाला तरी म्हणायचं, वा, मस्त. ही रीत आहे.
मटणाचे चॉप्स लावले. चरबी गळली, जाळ जरा वर आला. जरा म्हणजे ग्लेंडाने खुर्ची मागे घेतली. तेवढ्यात शार्मेन उठली आणि माझ्या हातातून चिमटा काढून घेतला. सर्वांसमक्ष! निखारे बाजूला सारले, जाळी उचलली, चॉप्स उलटले. एका हाताने.
ग्लेंडाने विचारलं, अगं, कुठे शिकलीस? शार्मेन म्हणाली, बाबांकडे. आम्ही सहा बहिणी, भाऊ नाही. नऊ वर्षांची असल्यापासून आग माझ्याकडेच.
मी म्हटलं, लग्नाची चौतीस वर्षं एका शब्दाने बोलली नाहीस? म्हणाली, तू इतका खूश असायचास रे. म्हटलं, आणि मग मी भाजलेलं ते सगळं? म्हणाली, सॅलड छान व्हायचं.
फार लागलं मनाला. खोटं कशाला लिहू. चौतीस वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून वा, मस्त म्हणत होती.
चॉप्स अप्रतिम झाले होते, हे आणखी वाईट. तीन खाल्ले. चौथा निषेध म्हणून सोडला.

१४ डिसेंबर. सकाळ
अबोला धरलाय. ती माफी मागेपर्यंत एक शब्द नाही.

१४ डिसेंबर. संध्याकाळ
अबोला सोडला. तिच्या लक्षातच आला नव्हता.

१७ डिसेंबर. ईस्ट लंडन (इंग्लंडातलं नव्हे, आमच्याच किनाऱ्यावरचं)
गाडीतून उतरता येईना. ग्लेंडा आणि शार्मेनने दोन्हीकडून ओढून काढलं. (हो, त्या तिघी आता आमच्या मागोमाग असतात. योगायोग म्हणे.) डॉक्टर म्हणाला, सहा आठवडे जमिनीवर झोपायचं नाही.
मी मोठ्या मनाने म्हटलं, शार्मेन, तू जा पुढे, मी बसने घरी जातो. अशा वेळी बायको काय म्हणते? तुला सोडून कशी जाऊ, म्हणते. शार्मेन म्हणाली, खरंच? आणि मिठी मारली. इतकी घट्ट मिठी लग्नातही मारली नव्हती. कमरेतून कळ गेली.

१८ डिसेंबर. बसमध्ये
ही माघार नाही. घर विकायचं तर कोणीतरी घरी राहून तयारी करायला हवी. माझ्याशिवाय कोण करणार?

२२ डिसेंबर. पार्ल
साडूंना फोन केला, म्हटलं, येतो तुमच्या कॅम्पवर, खाट घेऊन. म्हणाले, तुमची जागा दुसऱ्यांना दिली की. तुम्हीच म्हणालात ना, यंदा बंद! सगळे फितूर.

२५ डिसेंबर
ख्रिसमस. टोस्ट. जरा करपला.

३० डिसेंबर. सकाळी ९
एजंट येऊन गेला. घराला चांगला भाव येईल म्हणाला. गेटवर पाटी लावायची फक्त शार्मेनच्या होकाराची खोटी. संध्याकाळी डर्बनहून फोन करणार आहे.

३० डिसेंबर. संध्याकाळी ६
फोन आला. मी जिंकलो! उत्तर हो आहे. म्हणाली, डॅडी, तुझंच बरोबर होतं, असंच जगायला हवं, मला आता चार भिंतींत झोपच येणार नाही. जानेवारीत ग्लेंडाबरोबर मोझांबिकला निघतेय, मग पुढे जमेल तसं. आवाज विशीतल्या पोरीसारखा येत होता.
मी म्हटलं, बघ, सांगत होतो ना! उद्याच पाटी लावतो.
म्हणाली, नको रे, घर विकू नकोस. तू कुठे राहशील?