मे महिन्यातला स्वेटर

मंगळवार, संध्याकाळ

आज स्वेटर लॉकरमध्ये ठेवायला विसरलो. दिल्लीच्या या उन्हाळ्यात माझ्या बॅगेतून स्वेटर निघाला, आणि अनघाने विचारलं, "हा कुणी दिला?" बायकोला काय सांगणार? लोकांचा डेटा साठवणारी आमची मशीनं जमिनीखाली थंडगार ठेवलेली असतात, आणि ती जागा घरीही सांगणार नाही असं मी लिहून दिलंय. म्हटलं, "ऑफिसात एसी जास्त असतो गं."

"अच्छा? तुझ्या गुरुग्रामच्या ऑफिसात दुपारी फोन केला होता. तुझ्या नावाचं इथे कुणी नाही म्हणाले."

तिने स्वेटरची नीट घडी घातली, तेच जास्त लागलं. खोटं तरी किती रचायचं? इतका दमलो होतो की वाटलं, 'आहे एक बाई' असं म्हणून टाकावं. निदान तिला भांडता तरी आलं असतं.