तिसऱ्या पिशवीचा माणूस

४ मार्च
मीच निघाले! रक्तपेढीत चाचणीचं नवं किट आलं की त्याच्या ताटलीतल्या एका खळग्यात आमच्यापैकीच कुणाचं तरी रक्त घालायचं, 'चांगलं' रक्त म्हणून. नेहमी सोबत काम करणारी देते. ती रजेवर, म्हणून मी बाही वर केली. बाकीचे खळगे पाण्यासारखे, माझा पिवळाधमक. पिवळा म्हणजे विषाणू आहे. हिपॅटायटिस सी, काविळीतला एक. एकवीस वर्षं लोकांच्या रक्तात विषाणू शोधतेय — दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

५ मार्च
चाचणी पुन्हा लावली. पुन्हा पिवळा.

८ मार्च
डॉक्टर म्हणाले, "लिव्हरला थोडी सूज आहे, पण वेळेत आलात. तीन महिने गोळ्या घ्या, जाईल." आणखी दहा वर्षं कळलं नसतं तर? "लिव्हरचा दगड झाला असता." मग त्यांनी विचारलं, कधी रक्त चढवलं होतं का. चढवलं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, गाठीच्या ऑपरेशनला, इथेच. तीन पिशव्या. तेव्हा ही चाचणी इथे होतच नव्हती.

घरी येऊन मनगटाच्या शिरा बघत बसले. ज्या रक्तानं मला टेबलावरून परत आणलं, त्यातूनच हा पाहुणा आला. अठ्ठावीस वर्षं माझ्या पंक्तीला जेवला, आणि मला पत्ता नाही! राग येत नाही. नुसती थक्क होते. पण देणारा कोण? जिवंत असेल तर त्याच्याही पोटात हा बसलाय, आणि त्याला सांगणारं कुणी नाही. त्याला शोधायचंच. ऋण आहे माझ्यावर.

११ मार्च
तळघरात जुनी वही मिळाली. तीन नावं. पहिल्या बाई अजून त्याच पत्त्यावर, चाचणी साफ. दुसरे निवृत्त मास्तर, तेही साफ. तिसरं नाव वाचून हसूच आलं — ह्यांचा शाळेपासूनचा मित्र! काखेत कळसा आणि गावाला वळसा. ह्यांना सांगितलं तर चहा तसाच ठेवून उठले. मित्राची काळजी, दुसरं काय.

१४ मार्च
मित्र आला, चाचणी दिली. डोळे गच्च मिटून. साफ! वर म्हणतो, "वहिनी, रक्तासाठी आज पहिल्यांदा सुई टोचून घेतली हो. मी कसलं रक्त देतोय? बघूनच आडवा होतो."
मग वहीत ह्याचं नाव कसं? खाली सहीसुद्धा आहे.

१५ मार्च
आज हे न सांगता रक्तपेढीत आले. खुर्चीत बसले, बाही दुमडली. "तेव्हा रक्त द्यायला आलो, लहानपणची कावीळ सांगितली तर मला परत पाठवलं. तू आत टेबलावर. पुन्हा रांगेत उभा राहिलो, मित्राचं नाव सांगून."
सुई मीच हातात घेतली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा शीर सापडेना.