तिसरं पिल्लू

प्रिय आई,

लांबूनच तुझ्या पाया पडते.

गटारातून वाचवलेली मांजराची तीन पिल्लं डॉक्टरीणबाईंनी, त्यांना घर मिळेपर्यंत, आमच्याकडे ठेवली होती. "नाव दिलं की माया लागते," असं म्हणून तुझ्या जावयांनी नावंच देऊ दिली नाहीत. पहिलं, दुसरं, तिसरं, बस्स!

दोन चांगल्या घरी गेली. काल तिसऱ्याला न्यायला माणसं आली, तर हे तू विणलेला स्वेटर घालून दारात उभे. "तिसरं बाहेर गेलंय," म्हणाले, आणि स्वेटरच्या पोटातून म्यांव! माणसं हसत परत गेली.

हे कामावर गेले की घर खायला उठायचं. तुला कधी कळवलं नाही. आता कळवायला हरकत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? खरं लिही, माझ्यासारखं नको.

तुझी थोरली