रविराजचं 'छान'

४ ऑक्टोबर
रविराजला व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आणलं. गोळ्यांच्या नशेत हरवलेला माझा धाकटा भाऊ आता माझ्याच हॉलमध्ये पाहुण्यासारखा अवघडून बसलाय. रजा टाकून शेवभाजी केली, देवळ्याहून काळा मसाला मागवून. "कशी झाली रे?" "छान, ताई."

६ ऑक्टोबर
मिसळ — छान. गोदाकाठी, गंगेवरची चक्कर — छान. मॅच — छान. टीव्ही बंद केला असता तरी छानच म्हणाला असता.

९ ऑक्टोबर
केंद्रातल्या डॉक्टरबाईंना भेटले. म्हणाल्या, जेवण, गप्पा, कौतुक — यांनी मेंदूत सुखाचं रसायन थोडं थोडं झिरपतं. गोळ्यांनी त्याचा पूर आणला. मेंदूने मग दारंच लावून घेतली. पूर ओसरलाय, दारं अजून बंद आहेत. "तो तुमचं मन राखतोय. सध्या त्याला कशातच गोडी नाही. धोका इथेच असतो. कंटाळून माणसं परत गोळीकडे जातात."
किती दिवस चालेल?
"काही महिने. तुमच्या पेपरसारखी याला डेडलाइन नसते."
इतकी वर्षं वर्तमानपत्राची पानं वेळेत छापायला सोडली. हे पान माझ्या हातात नाही.

१० ऑक्टोबर
सकाळी बीपीची गोळी काढली. पाकिटाचा कट्ट आवाज झाला आणि पेपर वाचणाऱ्या रविराजला घाम फुटला. गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी शेजारी गेले. "ती बीपीची आहे, माहितीये गं मला. तरी मान वळतेच."
सगळ्या गोळ्या सोलून बाटलीत भरल्या.

१५ ऑक्टोबर
"ताई, रोज पेपर काढतेस ते काढ. माझी परीक्षा नको घेऊस, नापास होतो मी." हसत म्हणाला, पण म्हणाला.
आजपासून 'कसं झालं' विचारायचं नाही.

२१ ऑक्टोबर
आपणहून भाजी आणायला गेला. बराच वेळ आला नाही. मी दारात उभी, नको नको ते मनात. आला तो शिळी कोथिंबीर घेऊन. तीच निवडायला घेतली.

२३ ऑक्टोबर
तांदळाच्या डब्यात एक सीताफळ सापडलं. पिकायला मीच ठेवून विसरले असेन. कामाला येणाऱ्या मैनामावशी आणि मी अर्धं अर्धं खाल्लं. संध्याकाळी बघते तर रविराजचा हात कोपरापर्यंत तांदळात.
"माझं सीताफळ कुठंय?"
"तुझं होतं? आम्ही खाल्लं."
"काय गं ताई! विचारायचं तरी! रोज दाबून बघत होतो. उद्या खाणार होतो मी."
रुसून खोलीत जाऊन बसलाय. रुसू दे.