एका घरातले दोन उमेदवार

विदरकोम, १२ एप्रिल १९८७

ती. विनीताईस,
अँब्रोजचा सा. न. वि. वि.

तुझी लेक माझ्याकडे राहून शासनशास्त्र शिकते, एवढंच तुला ठाऊक. आता ती मजूर पक्षातर्फे नगर परिषदेची निवडणूक लढवते आहे. आणि प्रतिस्पर्धी, ताई, मी आहे.

रागावू नकोस. आमचा वॉर्ड पिढ्यान् पिढ्या मजूर पक्षाचा. इथे हुजूर पक्षाला माणूस मिळत नाही, म्हणून कुणाचं तरी नाव कागदापुरतं घालतात. यंदा माझं घातलं. रोवेना उभी असल्याचं कळलं, तेव्हा माघारीची मुदत टळून गेली होती. प्रचार करणार नाही, ही माझी एकच अट. संस्कृतच्या मास्तराला निष्काम कर्म ठाऊक असतं. मी तर कर्मही टाकलं आहे. घराच्या वरच्या खिडकीत तिचं लाल पत्रक, खालच्या खिडकीत पक्षवाल्यांनी चिकटवलेलं माझं निळं. दूधवाला चक्रावला आहे.

लोभ आहेच, तो मतदानानंतरही टिकावा.

तुझा,
अँब्रोज

एडिंबरा, १८ एप्रिल

चि. अँब्रोजास अ. उ. आ.

तू न लढता जिंकशील, याचीच मला धास्ती. लपंडावात झोप लागली म्हणून जिंकणारा तू! वर गावातल्या निम्म्या बायका तुझ्या गुलाबांवर खूश.

पोर दारोदार हिंडते आहे. परिषद गावचा तरणतलाव बंद करायला निघाली आहे, तो तिला वाचवायचाय. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांनी जायचं कुठे, असं ती मला फोनवर विचारत होती. तू निवडून आलास, तर नाताळात माझ्या दारी येऊ नकोस.

प्रकृतीस जप, प्रचारास नको.

विनी

विदरकोम, ९ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

पडलो! तुझा भाऊ रीतसर आणि आनंदाने पडला.

काल सकाळी मोजणी झाली. रोवेना एका मताने पुढे. मी कोट चढवतो, तोच एक शंकास्पद मतपत्रिका निघाली. माझ्या नावापुढच्या चौकोनात फुलीऐवजी गाढव! काढलं छान होतं, कान विशेष. अधिकाऱ्याने रिवाजाप्रमाणे ती दोन्ही बाजूंना दाखवली. तिच्या प्रतिनिधीचं म्हणणं पडलं की ही शिवी आहे, मत बाद करा. मीही म्हटलं की अगदी खरं, करा बाद. आणि तुझी लेक, पांढरीफटक पडून, म्हणाली की मामा, तू गप्प बस. खूण एकाच चौकोनात आहे, तेव्हा नियमाने ते मत तुझंच. मी तिच्या कानाशी लागलो की अगं वेडे, तलाव जाईल. तर म्हणे, गेला तर जाईल, पण ढापलेल्या तलावात मला पोहायचं नाही.

गाढव माझ्या खात्यात पडलं. बरोबरी झाली. अशा वेळी इथे चिठ्ठ्या टाकतात. कुणाची तरी टोपी मागून घेतली, दोन चिठ्ठ्या आत गेल्या. रोवेनाने माझा हात इतका आवळला की बोटं अजून दुखतात. अधिकाऱ्याने एक चिठ्ठी उघडली, चष्मा पुसला (त्याला तेव्हाच सुचलं!) आणि नाव वाचलं: रोवेना. मी अशी काही आरोळी ठोकली की आमच्या पक्षाच्या चिटणीसबाईंनी माझ्या छातीवरचा निळा बिल्ला काढून घेतला.

शनिवारी नगरसेविकाबाई लोकांच्या तक्रारी ऐकायला बसणार आहेत. तलावाचं पाणी फार गार असतं, ही माझी तक्रार तयार आहे. मामा असलास तरी रांगेतून ये, असा निरोप आला आहे, वरच्या मजल्यावरून.

पराभूत भावावर माया असू दे.

तुझा,
अँब्रोज