दोन गांधारांमधला सूर

मी, धम्मानंद लहानू मेश्राम, वय चौसष्ट, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार सक्करदरा, नागपूर, माझ्या पश्चात काय करावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. बाकी शरीराचे तसे सांगता येत नाही. गेल्या वर्षी धंतोलीच्या दवाखान्यात उजवा जबडा, जीभ आणि स्वरयंत्र काढले. श्वास गळ्याच्या भोकातून चालतो. आता गाठ फुफ्फुसात उतरली आहे. मला बोलताच येत नसल्यामुळे कोणी गोड बोलून माझ्याकडून काही कबूल करून घेतले, असा संशय कोणी घेऊ नये. याआधी मी असा कोणताही कागद केलेला नाही.

१. सक्करदऱ्याचे दोन खोल्यांचे घर माझी पत्नी माया हिला. तिच्यानंतर मुलगी हर्षा हिला. घर माझ्या पगारातून आणि आई भीमाबाई हिच्या विड्यांतून झाले आहे. आईने चाळीस वर्षे मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, पण तंबाखू कधी तोंडात घातली नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा मी खाल्ला, दिवसाला पाच पुड्या. माया सांगून थकली. यात दोष दुसऱ्या कोणाचा नाही.

२. बँकेतील सर्व ठेवी मायाला. हर्षाची याला हरकत नाही, तिने तसे मला लिहून दाखवले आहे. (मी बहिरा नाही हे ती अधूनमधून विसरते.)

३. सॅक्सोफोन. हा मला रेल्वेतले निवृत्त गार्ड रॉड्रिग्ज साहेब यांनी दिला. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचाच्या बँडमध्ये ते वाजवत. त्यांनी मला तीन वर्षे फुकट शिकवले. एकदा त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याची रेकॉर्ड लावली आणि एका सुरावर बोट दाखवून म्हणाले, "ये सूर पियानो में नहीं है." तो कोमल गांधार नव्हता आणि शुद्धही नव्हता. दोघांच्या मधला होता. मी म्हणालो, "साहेब, ये तो मेरी माँ गाती है." ते हसले. मी त्यांना घरी घेऊन आलो. आई विड्या वळत गात होती, "सुपातली पानं सरेनात वं माय, दिस सरून गेला." 'दिस' या शब्दावर तोच सूर होता. साहेब दारातच उभे राहिले, चप्पल काढायचे विसरले.

ते गाणे आईचे स्वतःचे होते. वडील गेले त्या वर्षी तिने ते केले. सॅक्सोफोनवर तो सूर काढायला जबडा किंचित सैल सोडावा लागतो. मला ते जमायला दोन वर्षे लागली. पुढे आमचा चौघांचा बँड झाला, त्यात पियानोवर कृष्णकांत बाकरे. आईचे गाणे, भीमजयंतीची गाणी, त्यांच्याखाली जॅझची चाल. लोक म्हणत, हे ना धड आपलं, ना धड त्यांचं. आम्ही वाजवत राहिलो. दुसरे दोघे आता हयात नाहीत.

सॅक्सोफोन मोडीत द्यावा. कोणी भिंतीवर टांगू नये.

४. कृष्णकांत बाकरे यांना काहीही देऊ नये. कारण लिहितो.

आईच्या आवाजाची एकच कॅसेट होती. २००५ साली कृष्णकांत ती मुंबईला घेऊन गेला. आई तेव्हा हयात नव्हती. सीडी निघाली, तिच्यावर छापले होते, 'पारंपरिक लोकगीत, संगीत कृष्णकांत बाकरे'. कॅसेट स्टुडिओतच राहिली, असे तो म्हणाला. मी म्हणालो, "माझ्या मायचं नाव काहून नाही टाकलं?" तो म्हणाला, "अबे, विड्या वळताना म्हणते ते गाणं कोनाच्या नावावर असते का?" त्यानंतर एकोणीस वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही.

ती एकोणीस वर्षे मी ते गाणे कुणासमोर वाजवलेही नाही. हर्षाने किती वेळा म्हटले, "बाबा, मोबाईलमध्ये भरून ठेवा ना." मी म्हणायचो, "भरलं का चोरीले जाते." ही माझी चूक आहे. कृष्णकांतच्या चुकीइतकीच मोठी, कदाचित जास्त. ती कायद्याने कोणाच्या नावे करता येत नाही म्हणून इथे नुसती नोंदवतो.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर कृष्णकांत घरी आला. दुपारची वेळ होती. बगलेत छोटा कीबोर्ड. केस सगळे गेलेले. बसल्या बसल्या म्हणाला, "धम्मा, मी तेच गाणं वाजवून राहिलो इतके वर्षं, पण बराबर नाही येत गा. एक डाव म्हणून दाखव ना."

माया म्हणाली, "भाऊजी, त्याइले बोलता येत नाही आता."

त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याने माझ्या गळ्याकडे पाहिले आणि खाली पाहिले. मी पाटीवर लिहिले, दोन गांधारांच्या मधे. त्याने एक पट्टी दाबली. मी मान हलवली. दुसरी दाबली. मग दोन्ही एकदम. नाही. तासभर तो दाबत राहिला आणि मी नाही म्हणत राहिलो. शेवटी तो रडला. मला वाटले होते, हा एक दिवस रडेल तेव्हा मला बरे वाटेल. तसे झाले नाही.

तो म्हणाला, "आता तरी भीमाबाईचं नाव टाकतो."

मी लिहिले, "टाकू नको. तू वाजवतो ते तिचं नाही."

५. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून शेजारी श्री. कृपाल ठवकर यांना नेमतो. ते म्हणतात, तो सूर सारंगीवर निघेल, माणूस शोधू. सूर निघेलही. त्यावर किती थांबायचे आणि तो कसा सोडायचा, हे सांगणारे कोणी उरले नाही. आणखी एक गोष्ट मी मायालाही सांगितलेली नाही. त्या दुपारपासून मी डोळे मिटून आईचे गाणे आठवायला बसलो की कृष्णकांतचा कीबोर्ड ऐकू येतो. एक पट्टी, दुसरी पट्टी, दोन्ही एकदम. आईचा आवाज येत नाही. तेव्हा शोधाशोध करू नये.

६. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. त्रिशरण, पंचशील, बस. बँड लावू नये. शोकसभेत कोणी सीडी लावल्यास हर्षाने ती बंद करावी. रागाने नाही, नुसती बंद करावी.

७. हर्षाने मला एकदा विचारले होते, आजी कशी गायची. तेव्हा माझा जबडा जागेवर होता आणि मी म्हणालो, नंतर सांगतो. तिची मी क्षमा मागतो. तिला देण्यासारखे माझ्याकडे याहून अधिक काही नाही.

वरील सर्व मी वाचून, समजून सही करीत आहे.

(सही) धम्मानंद लहानू मेश्राम
सक्करदरा, नागपूर. १९ नोव्हेंबर २०२५

आम्ही खाली सही करणार साक्षीदार लिहून देतो की, श्री. मेश्राम यांनी हा कागद आमच्यासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सर्व मान्य आहे का, असे विचारल्यावर त्यांनी मान डोलावली. आणखी काही जोडायचे आहे का, असे विचारल्यावर पाटी हातात घेतली, बराच वेळ धरली आणि कोरीच परत दिली. त्यानंतर सही केली.

साक्षीदार १. (सही) डॉ. कामिनी वासेकर, धंतोली
साक्षीदार २. (सही) सरिता गजभिये, सक्करदरा